अर्धशक्ती आणि घड्याळ

व्यायामशाळेत रोज किती वेळ द्यावा, हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. जिम लावलेला नातू दोन दोन तास तिकडेच असतो म्हणून आजीला काळजी, आणि त्याचे वडील 'मला तेवढा वेळ कुठला' म्हणून खुर्चीवरून उठतच नाहीत. दोघांच्याही मनात हिशेब मिनिटांचा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या माणसाला हा हिशेब चमत्कारिक वाटला असता. तालमीत जाणाऱ्या मुलाला त्या काळी 'किती वेळ होतास?' असे कोणी विचारीत नसे. 'किती जोर काढलेस, किती बैठका मारल्यास?' असे विचारीत. प्रश्नाचे एकक बदलले की उत्तरही बदलते, आणि ते कसे बदलत गेले हे पाहणे उद्बोधक आहे. त्यातला बराचसा भाग आपल्याच गावांतून, विशेषतः बडोद्यातून, घडलेला आहे.

आरंभ वैद्यकापासूनच करावा लागतो. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांनीही व्यायामाची महती गायिली आहे, पण त्याहून अधिक कसोशीने त्यांनी व्यायामाची मर्यादा सांगितली आहे. चरकाने व्यायाम मात्रेने करावा असे म्हणून अतिरेकाचे दुष्परिणाम मोजून दाखविले : थकवा, क्षय, तहान, रक्तपित्त, दमा, खोकला, ज्वर, वांती. सुश्रुताने मात्रा म्हणजे किती याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर एका शब्दाचे आहे : बलार्ध. अंगात जेवढी शक्ती असेल तिच्या निम्म्यापर्यंत. पण निम्मी शक्ती संपली हे ओळखावे कसे? त्याचेही लक्षण त्याने देऊन ठेवले आहे. हृदयस्थानी असणारा वायू तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे साध्या भाषेत नाकाने भागेनासे होऊन माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. कपाळावर, नाकावर, काखेत व सांध्यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे, ही लक्षणेही परंपरेने त्याला जोडली आहेत.

या नियमात एक शहाणपण आहे, ते सहज नजरेतून सुटते. येथे घटिका-पळांचा उल्लेख नाही. तो करता आला नसता असे नव्हे. घटिकापात्र आपल्याकडे होतेच, आणि मुहूर्ताचा हिशेब पळापर्यंत नेणारे हे लोक होते. तरीही वैद्याने काल न सांगता लक्षण सांगितले. कारण काल सर्वांना सारखा आणि लक्षण ज्याचे त्याचे. मल्लाला घाम फुटायला जो वेळ लागेल त्याच्या दशांशात कारकुनाला धाप लागेल. पण दोघांचीही 'अर्धी शक्ती' त्या त्या क्षणी झालेली असेल. वाग्भटाने यात ऋतूचीही भर घातली. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर वेळी त्याहूनही कमी. अतिरेक करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंहाची हार हत्तीच्या बळाने होत नाही, स्वतःच्याच पराक्रमाने होते, हे त्या उपमेचे मर्म.

हा झाला गृहस्थाचा व्यायाम. मल्लाचे शास्त्र वेगळे होते, आणि ते वैद्याच्या शास्त्राला सर्रास धाब्यावर बसवीत असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, हैदराबादकर मराठी मंडळींना परके नाही. त्यात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार दिले आहेत : भार उचलण्याचा श्रम, पाण्यात पोहण्याचा श्रम, आणि खांबावरचा श्रम. हा स्तंभश्रम म्हणजेच आपल्या मल्लखांबाचा जुना पुरावा म्हणून अभ्यासक नेहमी दाखवितात. 'श्रम' हाच शब्द तेथे व्यायामाला वापरला आहे, आणि आपल्या तालमीतला 'मेहनत' हा शब्द त्याचाच यावनी अवतार म्हणायला हरकत नाही. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या, म्हणजे जेठींच्या, परंपरेचे 'मल्लपुराण' बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९६४ साली सांडेसरा व मेहता यांच्या संपादनाखाली छापले, त्यामुळे ही सारी परंपरा अभ्यासकांना खुली झाली. या जेठींनी गायकवाडांच्या दरबारी काय काय केले हे सांगू लागलो तर विषय लांबेल. खंडेराव महाराजांच्या (कारकीर्द १८५६ ते १८७०) वेळी त्यांच्या हातात नख्या बांधून होणाऱ्या रक्तबंबाळ झुंजी रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने पाहिल्या आणि वर्णिल्या, एवढे येथे पुरे.

तालमीतली मोजदाद संख्येची. येथे भाषेची एक गंमत नोंदवावीशी वाटते, कारण आपल्यासारख्या हिंदी मुलखात राहिलेल्या मराठी माणसाला ती पटकन उमजेल. मराठीत 'जोर' म्हणजे हातापायांवर अंग तोलून खालीवर करण्याचा व्यायाम. हिंदीत त्याला 'दंड' म्हणतात. उलट काशीच्या आखाड्यात 'जोर' म्हटले म्हणजे जोडीदाराशी सरावाची कुस्ती. मराठी घरातला मुलगा उत्तरेकडच्या आखाड्यात जाऊन 'मी दोनशे जोर केले' म्हणाला असता तर वस्तादाने डोळे विस्फारले असते! काशीच्या पहिलवानांचा अभ्यास जोसेफ आल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने केला. त्याचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली दिनचर्या वाचली की कळते, की पहिलवानाचा व्यायाम हा दिवसातला एक भाग नसून दिवसच त्या व्यायामाभोवती बांधलेला असतो. उत्तररात्री उठणे, आखाड्याची माती उकरणे, सकाळी कुस्तीचा सराव, मालिश, खुराक, झोप, संध्याकाळी पुन्हा दंड-बैठका. यात 'किती वेळ' हा प्रश्नच उद्भवत नाही. झोप हीसुद्धा तेथे मेहनतीचाच भाग आहे.

थोरल्या गामाच्या आकड्यांनी मात्र पुढे फार घोळ घातला. दिवसाला पाच हजार बैठका आणि तीन हजार दंड हा त्याचा नेम म्हणून सांगितला जातो. बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात त्याने उचललेला म्हणून एक दगड ठेवलेला आहे, २३ डिसेंबर १९०२ ही तारीख त्याच्याशी जोडलेली आहे. त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. हा आकडा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा, मी तरी तो जपूनच घेतो. गामा निःसंशय मोठा होता. पण त्याच्या मेहनतीमागे दतियासारख्या संस्थानचा आश्रय होता, खुराक होता, आणि दुसरा उद्योग नव्हता, हे विसरून केवळ संख्या उचलली की घात होतो. कचेरीत आठ तास बसून आलेल्या मुलाने थोर पहिलवानाची संख्या गाठायला जावे, हा वाग्भटाचा सिंहच. आजच्या जिममधल्या मुलाने दूरदेशीच्या एखाद्या शरीरसौष्ठवपटूचा कार्यक्रम छापून घेऊन भिंतीवर लावणे, ही त्याच चुकीची नवी आवृत्ती होय.

घड्याळ व्यायामात शिरले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि ते पश्चिमेकडून आले. युजेन सँडो याचे बलसंवर्धनाचे पुस्तक १८९७ सालचे. त्यात वयाप्रमाणे कोणता व्यायाम किती वेळा करावा याची कोष्टके होती. तो स्वतः १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. त्याच सुमारास, १९०४ साली, डेन्मार्कच्या म्यूलरने 'माझी पद्धती' हे पुस्तक काढले आणि त्यात दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत अशी हमी दिली. या पुस्तकाची भाषांतरे अनेक भाषांत झाली. कारण उघड आहे. गिरणी, कचेरी, आगगाडी यांनी बांधलेल्या माणसाला संख्या नको होती, हमी हवी होती. एवढी मिनिटे दिली की माझे कर्तव्य संपले, अशी. व्यायाम आता दिवसाचा कणा राहिला नाही, दिवसातल्या एका फटीत बसवायची वस्तू झाला.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण या संक्रमणाचे उत्तम चित्र आहे. त्यांनी १८९७ पासून सँडोची सारी साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे निष्ठेने तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ पासून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग त्यांनी तो नेम आयुष्यभर सोडला नाही. १९५१ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशीच्या घरात होते. नमस्कार जुनाच, पण पंतांनी तो ज्या रीतीने मांडला ती रीत नवी होती. साधन नको, जागा साडेतीन हात पुरे, घरातल्या बायकामुलांनीही करावा, आणि शाळेच्या वेळापत्रकात तो बसावा. औंधच्या शाळांतून त्यांनी तो सक्तीचा केला. म्हणजे संख्या आणि घड्याळ या दोहोंचा मिलाफ त्यांनी घडविला. नमस्कार मोजायचे संख्येने, पण शाळेच्या तासात बसवायचे.

बडोद्यात हेच काम राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या हातून वेगळ्या मार्गाने झाले. जुम्मादादा या मुसलमान वस्तादाचा हा ब्राह्मण शिष्य. गुरूच्या नावाने त्याने आपल्या संस्थेला जुम्मादादा व्यायाममंदिर हे नाव दिले, आणि ते नाव आजही शहरात आदराने घेतले जाते. माणिकरावांची मोठी देणगी म्हणजे संघव्यायाम. तालमीत प्रत्येकजण आपापल्या गतीने जोर काढतो. शंभर मुलांना एका आज्ञेवर एकत्र हलवायचे तर सर्वांचा ठेका एक हवा, आरंभ एक हवा आणि शेवटही एक हवा. माणिकरावांनी त्यासाठी देशी भाषेतल्या आज्ञा बसविल्या. कवायतीच्या इंग्रजी आज्ञांना हे सडेतोड उत्तर होते, आणि त्या काळात त्याचा राजकीय अर्थ कोणाला सांगावा लागत नव्हता. पण व्यायामाच्या दृष्टीने पाहता यात एक किंमत मोजावी लागली. संघात 'ज्याचे त्याचे लक्षण' टिकत नाही. शंभरांत एखाद्याला धाप लागली म्हणून आज्ञा थांबत नाही. बलार्धाचा नियम येथे संपला आणि शाळेचा तास सुरू झाला.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. डभोईत १८८३ साली जन्मलेला हा तरुण म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याचे कैवल्यधाम त्यांनी १९२४ साली काढले. त्यांच्या आसनांवरील ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक आसनाचा काळ त्यात घड्याळाप्रमाणे दिला आहे : आरंभी किती, आठवड्यागणिक किती वाढवावा आणि कोठे थांबावे. योगासारख्या विषयात मिनिटे आली हे काहींना रुचले नाही. मला ते योग्य वाटते. गुरू समोर नसताना पुस्तकावरून शिकणाऱ्याला लक्षण दाखविणार कोण? घड्याळ हा गैरहजर गुरूचा प्रतिनिधी आहे. तेवढेच त्याचे काम, आणि तेवढ्यापुरताच त्याचा अधिकार.

बडोद्याचा आणखी एक ऋणनिर्देश केल्यावाचून पुढे जाता येत नाही. द. चिं. करंदीकर-मजुमदार यांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून निघाले, आणि १९५० साली त्याचा इंग्रजी संक्षेपही आला. जोर, बैठका, नमस्कार, जोडी, करेला, लेझीम, मल्लखांब, कुस्तीचे पेच, सारे काही सचित्र. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीत एवढे काम उभे राहिले. आपल्या गावांतल्या ग्रंथालयांत हे खंड असतील तर ते वाळवीच्या स्वाधीन होऊ देऊ नयेत, एवढी विनंती मी या निमित्ताने करून घेतो.

आता आजच्या जिमकडे येऊ. तेथे कोणत्याही यंत्रापाशी उभे राहा, 'दहाचे तीन सेट' हा मंत्र कानी पडतो. तो कोठून आला? दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे पाय पूर्ववत करण्यासाठी थॉमस डीलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टराने वजने उचलण्याचा उपचार योजला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. आरंभी तो रुग्णाकडून दहा दहाचे सात आणि त्याहूनही अधिक फेरे करवून घेत असे. अनुभवाअंती त्याच्या ध्यानात आले की इतके नको. १९४८ साली त्याने वॉटकिन्सबरोबर सुधारित पद्धती मांडली : दहाचे तीनच फेरे. पहिला पेलेल त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपट वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. म्हणजे जिममधला आजचा सर्वांत रूढ आकडा हा श्रम कमी करण्यातून जन्मला आहे, वाढविण्यातून नव्हे. दोन तास घाम गाळणाऱ्या नातवाला एवढे एक सांगायला हरकत नाही.

दुसरा धागा लंडनचा. जेरेमी मॉरिस याने १९५३ साली तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दोघांची वस्ती एक, पगार जवळजवळ सारखा. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कितीतरी कमी आढळला. यांपैकी एकाही कंडक्टराने तेवढ्यासाठी निराळा वेळ काढला नव्हता. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या चिरंजीवांना ही हकीकत अधिक लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा : प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका, अशी एक घरगुती कसोटी डॉक्टर सांगतात. सुश्रुताच्या श्वासाच्या कसोटीशी तिचे नाते जवळचे आहे, पण 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. दोघांनीही दमलेला माणूस नीट पाहिला होता, इतकेच. याच संघटनेच्या २०१० च्या सल्ल्यात व्यायामाचा तुकडा दहा मिनिटांहून लहान नसावा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. जिना चढण्याची दोन मिनिटेही आता हिशेबात धरली जातात.

जेथे जुन्या शास्त्राला सरळ नकार द्यावा लागतो असे एक स्थळ राहिले, आणि ते आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना जिव्हाळ्याचे आहे. वाग्भटाने बालक, वृद्ध आणि अजीर्णाचा रोगी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला. आपल्या घरांतून हा निषेध ग्रंथ न वाचताही पाळला जातो. साठी उलटली की 'आता कशाला दगदग' म्हणून सूनबाई हातातली पिशवी काढून घेते, आणि पिशवीबरोबर दंडातले बळही हळूहळू जाते. बोस्टन येथे मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासची दहा माणसे त्यांनी घेतली, आणि आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, वैद्यकीय देखरेखीखाली त्यांच्याकडून पायांनी वजने उचलवून घेतली. पहिल्या आठवड्यात वजन पेलण्याच्या शक्तीच्या निम्मे, म्हणजे अगदी बलार्ध. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र ते ऐंशी टक्क्यांवर नेले. आठ आठवडे पुरे करणाऱ्यांच्या पायांतली ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. हातांचा आधार घेतल्यावाचून खुर्चीवरून उठू न शकणारे त्यांत तिघे होते, त्यांतला एक आधाराशिवाय उठू लागला. आणि दोघांनी चालताना हातात काठी घेणे सोडून दिले.